नाव कोणाच्या गाडीवर लिहावे?



आमच्या कोल्हापूरला कुस्तीचे वेड आहे, हे मी नव्याने सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले, पैलवानांना आश्रय दिला, आणि तेव्हापासून पैलवानाला खुराक पुरवणे ही इथल्या सुखवस्तू माणसाची एक रीतच होऊन बसली. कोणी दूध देई, कोणी बदाम देई, कोणी तूप देई. पण जाणता माणूस देण्यापूर्वी एक गोष्ट करी. तो पहाटे उठून तालमीत जाऊन बसे. मैदानातली कुस्ती सगळेच बघतात. ज्याला खुराक द्यायचा त्याची मेहनत बघावी लागते.

ही गोष्ट मला ठाऊक होती. तरीही मी चुकलो. त्या चुकीतून जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

माझे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आहे आणि मागच्या बाजूला दुरुस्तीचे गॅरेज आहे. चार कामगार, एक वेल्डर, असा सगळा मिळून लहानसा कारभार. अशा दुकानात हल्ली एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याला काही विकत घ्यायचे नसते. तो म्हणतो, "काका, तुमच्या दुकानाचं नाव माझ्या गाडीवर लावतो, मला मदत करा." याला हल्ली स्पॉन्सरशिप म्हणतात, शुद्ध मराठीत प्रायोजकत्व म्हणतात. मला आपला आश्रय हा जुना शब्द बरा वाटतो, कारण त्यात देणाऱ्याची जबाबदारीही येते.

ही चाल फार जुनी नाही. युरोपातल्या ग्रां प्री शर्यतींत गाड्या पूर्वी आपापल्या देशाच्या रंगात धावत. इंग्लंडची हिरवी, इटलीची तांबडी, फ्रान्सची निळी. १९६८ साली लोटस संघाच्या कॉलिन चॅपमन यांनी आपल्या गाड्या एका सिगारेटच्या पाकिटाच्या तांबड्या, पांढऱ्या आणि सोनेरी रंगात रंगवल्या, आणि तिथून चित्र पालटले. मोठ्या कंपन्यांचे ठीक आहे. त्यांचा एक माणूस चुकला तर दुसरे दहा असतात. आपल्यासारख्याने वर्षाला एकालाच द्यायचे, आणि तो एकच चुकला तर? माझे नेमके तेच झाले.

२०१६ सालची गोष्ट. एकाच आठवड्यात दोन मागण्या आल्या. पहिला एक तरुण, चांगल्या घरचा. गाडी झगमगीत, रुंद टायर, सायलेन्सर काढून दुसराच काहीतरी बसवलेला. गाडी दुकानासमोर उभी राहिली की रस्त्यावरची पोरे गोळा होत. मला वाटले, इतके लोक बघतात, तर माझे नावही बघतील. दुसरी मागणी घेऊन आली इंजिनिअरिंग कॉलेजची तीन पोरे. हात काळे, काखेत नकाशाची गुंडाळी. बाहा म्हणून विद्यार्थ्यांची देशपातळीवरची स्पर्धा असते. तीत पोरांनी एका माणसाची, खडकाळ वाटेने जाणारी गाडी स्वतः आखून, स्वतः बांधून आणायची असते. त्यांना थोडे वेल्डिंग हवे होते आणि अठरा हजार रुपये. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावले. पहिल्याला चाळीस हजार दिले आणि दोन्ही दारांवर दुकानाचे नाव लिहून घेतले.

तीन महिन्यांनी, रात्री अकराच्या सुमाराला, त्याने हमरस्त्यावर मित्राशी पैज लावली. दूध घालून सायकलवरून घरी निघालेल्या एका माणसाला गाडीची धडक बसली. माणूस वाचला, पण मांडीचे हाड मोडले. सकाळी पोलिसांचा निरोप आला तो माझ्याकडे, कारण नाव माझे होते. मी दवाखान्यात गेलो. त्या माणसाची बायको बाकावर बसली होती. तिने वर बघितले आणि एवढेच विचारले, "मालक, गाडीवरचं नाव तुमचंच न्हवं?"

गाडी माझी नव्हती. चालवणारा माझा कोणी नव्हता. कायद्याने माझ्याकडे बोट दाखवले नाही. पण नाव माझेच होते, आणि तसे ते मीच, पैसे मोजून, लिहून घेतले होते. त्या माणसाच्या औषधपाण्याचा खर्च मी शक्य तेवढा उचलला. ते काही मोठेपणाचे नाही. पण तेव्हापासून मी या प्रश्नाचा नीट विचार करू लागलो.

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: मी हे कशासाठी देतो आहे? माझी गिऱ्हाइके आसपासच्या पाच-पन्नास गावांतली. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या धावपट्टीवर माझे नाव झळकले, तरी तिथला प्रेक्षक ब्रेकचे पट्टे बदलायला कोल्हापूरला येणार नाही. ज्याचा माल देशभर विकला जातो त्याचे गणित वेगळे. तेव्हा आपले गिऱ्हाईक जिथे राहते तिथेच ज्याची ऊठबस आहे, असा शौकीन शोधावा.

आता शौकिनांतही जाती आहेत. कोणी रॅलीत भाग घेतो. कोणी जुन्या गाड्या जपतो. कोणी गाडीचे रूप पालटतो. कोणी विद्यार्थी आहे. प्रत्येकाभोवतीची माणसे वेगळी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांची आपल्या देशात चांगली परंपरा आहे. दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४ पासूनची. रंगकाम, गादीकाम, क्रोमचा मुलामा असली कामे करणाऱ्याला हा शौकीन फार उपयोगी. मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे, पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली की ती रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कारणांनीच आणता येते. तेव्हा ती गाडी म्हणजे आपली फिरती पाटी, असे समजू नये.

दुसरा प्रश्न: माणूस कायदा पाळणारा आहे का? मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे, सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसा फरक करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणजे ज्या गाडीचा आवाज ऐकून मी भुललो, ती गाडी उभ्या जागीच नियमाबाहेरची होती! आवाज कानांनी ऐकला, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

आणखी एक. आपला नेहमीचा गाडीचा विमा संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्यांना लागू पडत नाही. ज्याला शर्यतीत उतरायचे आहे त्याला विचारावे: भारतीय मोटार क्रीडा महासंघाचा परवाना आहे का? हेल्मेट कोणते वापरतोस? स्पर्धेचा विमा कोण काढतो? जो या प्रश्नांना हसेल, त्याला नमस्कार करून निरोप द्यावा.

तिसरा प्रश्न, आणि हा मी सगळ्यांत मोठा मानतो. लोक त्याच्याकडे बघतात, की लोक त्याला विचारतात? या दोहोंत फार अंतर आहे. झगमगीत गाडीकडे शंभर जण बघतात आणि पुढे जातात. पण प्रत्येक गावात एखादा असा असतो, की चहाच्या टपरीवर तो दिसला की माणसे विचारतात, "भाऊ, गाडी चढाला दम टाकतेय, काय असेल?" तो बॉनेट उघडतो, ऐकतो, आणि सांगतो. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणतो. अशा माणसाने "अमुक दुकानात जा" म्हटले की गिऱ्हाईक येते. हल्ली लोक मोबाइलवर चित्रफिती दाखवतात आणि इतक्या हजारांनी पाहिले असे आकडे पुढे करतात. आकडा खोटा असेलच असे नाही. पण त्या हजारांतले आपल्या तालुक्यातले किती, हे विचारायला लाजू नये.

चौथी गोष्ट तालमीची. कधी न सांगता त्याच्या घरी जावे. त्याची हत्यारे कशी ठेवलेली आहेत? तेल कधी बदलले याची वही आहे का? मागे ज्याने मदत केली त्याच्याबद्दल तो कसे बोलतो? आणि गाडी बिघडली तर दोष कोणाला देतो? दर वेळी रस्त्याला, पंचांना आणि नशिबालाच देत असेल, तर उद्या तो आपल्या मालालाही देईल.

आता द्यावे कसे? माझे मत असे, की रोकड शेवटी द्यावी. आधी वस्तू द्यावी, काम द्यावे. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांचे उदाहरण घ्या. त्यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून शर्यतीच्या स्वस्त गाड्या बांधल्या, आणि ज्यांना परदेशी गाडी परवडणे शक्य नव्हते अशी पोरे त्यांवर शिकली. त्याच गावचा नारायण कार्तिकेयन पुढे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याची सुरुवात अशाच गाडीवरची. करिवर्धन १९९५ साली गेले, पण त्यांचे नाव त्या धावपट्टीला आहे. आपण गाड्या बांधू शकणार नाही. पण गॅरेजचा एक कोपरा, रविवारचे चार तास, दोन डबे तेल, एवढे देऊ शकतो. वस्तू दिली की ती कुठे गेली ते दिसते.

रक्कम अशी धरावी, की पुरती बुडाली तरी दिवाळीला कामगारांच्या बोनसला हात लागणार नाही. ती एका हंगामापुरतीच द्यावी. आणि जे ठरेल ते एका कागदावर, साध्या मराठीत लिहावे: आम्ही काय देणार, तुम्ही किती ठिकाणी भाग घेणार, नाव कुठे आणि केवढे असेल, छायाचित्रे आम्हांला वापरता येतील का, आणि कायदा मोडला तर नाव त्याच दिवशी उतरवणार. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीवर जाहिरात लावायची असेल तर परिवहन कार्यालयात नियम विचारून घ्यावा. भाचा असला, साडू असला, तरी कागद करावाच. नात्यातल्या माणसाकडे हिशेब मागणे फार जड जाते, म्हणून तर तो आधीच लिहावा.

त्या कागदावर मी आणखी एक वाक्य घालतो: "आमच्या मालाबद्दल खोटे बोलू नये." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीबद्दल मालाची भलामण करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड बाजूला ठेवा. आपण त्याला मदत करतो, हे त्याने लोकांना उघड सांगावे. त्याने लपवले आणि लोकांना नंतर कळले, की त्याचाही शब्द गेला आणि आपलाही.

शेवटी, एक वही करावी. नव्या गिऱ्हाइकाला विचारावे, "आमचं नाव कुठं ऐकलंत?" आणि उत्तर लिहावे. वर्षअखेर ती वही उघडली, की पुढच्या वर्षी द्यायचे की नाही हे ज्योतिषाला विचारावे लागत नाही.

त्या तीन पोरांचे काय झाले, असे आपण विचाराल. अपघातानंतर दोन महिन्यांनी मीच त्यांच्या कॉलेजात गेलो. मनात थोडी लाज होती. त्यांनी ती दाखवू दिली नाही. "या काका" म्हणाले आणि बसायला स्टूल दिले. मी त्यांना वेल्डर दिला आणि अठरा हजार दिले. स्पर्धेत त्यांचा नंबर आला नाही. दुसऱ्याच दिवशी पुढच्या चाकाचा दांडा तुटला आणि गाडी उभी राहिली. पण परत आल्यावर ती पोरे तडक दुकानात आली आणि तो तुटलेला दांडा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "काका, तडा जोडावर नाही, जोडाला लागून गेलाय. नळी पातळ होती आणि उष्णता जास्त झाली. थोडी चूक आमच्या आखणीची आहे, थोडी आपल्या वेल्डिंगची."

माझा वेल्डर वीस वर्षांचा अनुभवी. त्याला राग आला. मग त्याने दांडा उचलून उजेडात धरला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, "खरं आहे." त्या दिवसापासून पातळ नळीचे काम आम्ही वेगळ्या रीतीने करतो. आजूबाजूचे गॅरेजवाले आता तसले काम आमच्याकडे पाठवतात. चाळीस हजारांनी मला दवाखान्याची वाट दाखवली, अठरा हजारांनी माझे काम सुधारले.

तो दांडा मी अजून टेबलावर ठेवला आहे. कोणी नवा शौकीन मदत मागायला आला, की मी तो त्याच्या हातात देतो आणि विचारतो, "हे कशानं तुटलं असेल?" उत्तर चुकले तरी चालते. तो दांडा किती वेळ निरखून बघतो, तेवढे मी पाहतो.