वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर?

हेडफोन लावलाय ना? आज जरा घरचंच सांगणार आहे.

गेले काही दिवस तुमचे बरेच मेसेज येतायत. कुणाच्या आईचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे, कुणाचा क्लास आहे, एकाच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. प्रश्न सगळ्यांचा एकच, ‘दादा, वेबसाइट करायची आहे, सुरुवात कुठून करू?’ उत्तरं टाइप करायला बसलो आणि लक्षात आलं, मी प्रत्येकाला आधी उलट विचारतोय, ‘डोमेन कुणाच्या नावावर घेणार?’ हा प्रश्न मला कॉलेजमध्ये कुणी शिकवला नाही. चार वर्षं बीटेक केलं, नेटवर्किंगचे पेपर दिले, डीएनएस कसं चालतं ते पाठ केलं. पण हा प्रश्न शिकलो मामाच्या पडवीत, आंब्याच्या पेट्यांवर स्टिकर चिकटवताना.

माझं आजोळ देवगड तालुक्यात. मामाची हापूसची बाग आहे, अडीचशेच्या आसपास कलमं. पूर्वी सगळा माल वाशीच्या मार्केटला जायचा. दलाल लावेल तो भाव, आणि पट्टी हातात येईल तेव्हा येईल. मग हळूहळू मामाने पुण्याच्या आणि डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या द्यायला सुरुवात केली. 2019 च्या जानेवारीत ओळखीतल्या एकाने त्याला वेबसाइट करून दिली. आठ हजार रुपये घेतले, तीन वर्षांचं डोमेन घेतलं, पेटीवर छापायला क्यूआर कोडही दिला. मामा खूश. गावात पेटीवर क्यूआर असणारा तो पहिलाच असावा.

2021 च्या दिवाळीला मी गेलो होतो तेव्हा मामा म्हणाला, ‘अरे, ती वेबसाइट केलेला माणूस आता फोन उचलत नाही. तू कॉम्प्युटरवालाच आहेस, जरा बघ सगळं नीट आहे ना.’ मी म्हटलं, ‘हो मामा, बघतो.’ आणि फराळ करून हिंजवडीला परत आलो. बघितलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं हो!

एप्रिल 2022. सीझन भरात. कोथरूडच्या एका जुन्या गिऱ्हाइक बाईंचा मामीला फोन आला, ‘वहिनी, तुमच्या पेटीवरचा तो चौकोन नातवाने स्कॅन केला, तर पत्त्यांचा जुगार उघडतोय!’

मामीला वाटलं त्यांनी काहीतरी भलतंच दाबलं. तिने मला फोन लावला. मी ऑफिसमधूनच पत्ता टाकून बघितला. हिरवं टेबल, नाचणारी नाणी, ‘आत्ताच खेळा’. खाली मामाच्या बागेचा पत्ता नाही, नंबर नाही, काहीच नाही.

काय झालं होतं ते सांगतो, कारण हे तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. डोमेन आपण विकत घेत नाही, भाड्याने घेतो. मुदत संपली की भाडं भरायचं. डॉट कॉमचं गणित असं असतं: मुदत संपली तरी लगेच जात नाही. बहुतेक कंपन्या काही दिवस सवलत देतात, जास्तीत जास्त 45 दिवस. त्या काळात नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. त्यानंतर 30 दिवसांचा आणखी एक टप्पा येतो. तेव्हाही परत मिळतं, पण वर दंड भरावा लागतो आणि तो चांगला काही हजारांत जातो. मग शेवटचे 5 दिवस, त्यात कुणालाच काही करता येत नाही. आणि मग नाव बाजारात मोकळं. जो आधी घेईल त्याचं. अशी सुटणारी नावं टिपणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. नावाला आधीपासून थोडी रहदारी असेल तर त्यांना ते हवंच असतं.

आता मोजा. जानेवारीच्या मध्याला मुदत संपली. 45 आणि 30 आणि 5, झाले 80 दिवस. बरोब्बर एप्रिलचा पहिला आठवडा. म्हणजे जवळजवळ अडीच महिने दार उघडं होतं आणि आम्ही कुणी तिकडे फिरकलोच नाही. साइट तर जानेवारीतच बंद पडली होती. पण जानेवारीत आंब्याला मोहोर असतो, गिऱ्हाईक नसतं. मग बघणार कोण? आठवण करून देणारे ईमेल गेले होते, पण ते त्या माणसाच्या जुन्या ईमेलवर. डोमेन त्याच्याच नावावर होतं ना! तो काही लबाड माणूस नव्हता. शहर बदललं, नोकरी बदलली, नंबर बदलला, विसरला. मामाचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

आपल्याकडे जमिनीचा तुकडा घेताना सातबारा बघितल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. मामा तर पै-पाहुण्यांच्या सातबाऱ्यातल्या चुका काढतो. पण वेबसाइटचा सातबारा त्याला कुणी दाखवलाच नव्हता. मी दाखवायला हवा होता.

नुकसान किती झालं? कोथरूडच्याच एका सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, ‘या पेटीवरची लिंक उघडू नका, फ्रॉड आहे.’ त्या सोसायटीची 40 पेट्यांची ऑर्डर रद्द झाली. आंबा आढीत पिकायला घातलेला होता, तो काही थांबत नाही. शेवटी वाशीलाच गेला, मिळेल त्या भावाला. शिवाय 800 पुठ्ठ्याच्या पेट्या छापून आल्या होत्या, मागच्याच वर्षीच्या डिझाइनने. दीडशे गेल्या होत्या, बाकीच्यांवर आम्ही रात्रभर पांढरे स्टिकर चिकटवत बसलो. मामा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर ही झाली कहाणी. आता कामाचं.

नवीन डोमेन आम्ही मामाच्या नावाने घेतलं. खातं मामाच्या ईमेलवर, त्याला मामाचा आणि मामेभावाचा असे दोन मोबाइल नंबर जोडलेले, आपोआप नूतनीकरण चालू. पासवर्ड मामीच्या वहीत, जिथे दुधाचा हिशेब असतो तिथेच. हसू नका, ती वही आमच्या घरात कधीच हरवत नाही. तुम्ही कुणाकडूनही वेबसाइट करून घ्या, पुतण्याकडून, मित्राकडून, मोठ्या एजन्सीकडून. पण डोमेनच्या खात्यात नाव आणि ईमेल तुमचं हवं. ‘सर, ते आमच्याकडेच असतं, तुम्ही काळजी करू नका’ असं कुणी म्हणालं तर काळजी करा. आणि क्यूआर छापायला देण्याआधी दरवर्षी एकदा स्कॅन करून बघा. छपाईवाला बघणार नाही.

कुणी म्हणेल, वेबसाइट हवीच कशाला, इन्स्टाग्राम आहे की! आहे, वापरा. पण 29 जून 2020 आठवा. सरकारने 59 ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथे होतं, त्यांचं दुकान एका रात्रीत गेलं. किंवा गूगलचं घ्या. त्यांच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट छोटी वेबसाइट करता यायची. आपल्याकडे कितीतरी दुकानदारांनी केली होती. मार्च 2024 मध्ये गूगलने ती सोयच बंद केली. म्हणून गिऱ्हाईक कुठूनही येऊ दे, शेवटचा पत्ता आपला हवा.

आता माझी दुसरी चूक. अपराधी वाटत होतं म्हणून 2023 साठी मी मामाला जंगी वेबसाइट करून दिली. कार्ट, लॉगिन, ओटीपी, ऑर्डर कुठवर पोचली ते दाखवणारा नकाशा. तीन महिने शनिवार-रविवार घातले. मामाने ती बघितली आणि म्हणाला, ‘अरे, माका आंबे विकूचे आसत, इमान उडवूचा नाय.’ अख्ख्या सीझनमध्ये कार्टमधून ऑर्डर आल्या चार. त्यातली एक माझी, चाचणीसाठी. एक माझ्या रूममेटची, मैत्रीखातर. बाकी सगळे लोक काय करत होते? साइट उघडायचे, नंबर शोधायचे आणि फोन करायचे. आंबा घेणाऱ्याला माणसाशी बोलायचं असतं. ‘कार्बाईड तर नाही ना? कधी पिकतील? अक्षय्य तृतीयेला मिळतील का?’

मग सगळं मोडलं आणि एकच पान ठेवलं. वर बागेचा खरा फोटो, त्याखाली आजचा दर, कोणत्या गावांना पेटी पोचते ते, आणि व्हॉट्सॲपचं मोठं बटण. बटण करायला प्रोग्रामर लागत नाही: डब्ल्यूए डॉट एमई, स्लॅश, 91 आणि पुढे तुमचा दहा आकडी नंबर, झाली लिंक. दर रोज बदलतो, म्हणून तो गूगल शीटमधून येतो. मामेभाऊ सकाळी मोबाइलवर आकडा बदलतो, बस्स. आणि फोनवर विचारले जाणारे तेच सात-आठ प्रश्न उत्तरांसकट खाली लिहिले. पेंढ्यात आंबा कसा ठेवायचा, फ्रिजमध्ये कधी ठेवायचा, साका म्हणजे काय. गूगलवरून येणारे बरेच लोक याच प्रश्नांवरून येतात.

फोटोंचं एक सांगतो. मोबाइलचा फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. तसे दहा फोटो टाकले की पान उघडेपर्यंत माणूस दुसऱ्याच्या साइटवर गेलेला असतो. लहान करून दीड-दोनशे केबीपर्यंत आणा, फरक डोळ्याला कळत नाही. आणि साइट ऑफिसच्या वायफायवर तपासू नका, एसटीत बसून तपासा.

मराठीवाल्यांची खास भानगड म्हणजे माहिती पोस्टरमध्ये असते. डीटीपीवाल्याने सुंदर जाहिरात करून दिलेली असते आणि तीच साइटवर चिकटवली जाते. त्यातला मजकूर सर्च इंजिनला नीट मिळेलच असं नाही, आणि गिऱ्हाइकाला त्यातून नंबर कॉपी करता येत नाही. त्याच्याकडून फाइल मागाल तर जुन्या फॉन्टमधली येते, पेस्ट केली की नुसती गिचमिड. सरळ मोबाइलच्या कीबोर्डवर युनिकोडमध्ये टाइप करा. आणि लोक शोधतात कसं तेही बघा. कुणी देवनागरीत ‘हापूस’ लिहितं, कुणी रोमनमध्ये. देवगडचं स्पेलिंग कुणी ‘व्ही’ने करतं, कुणी जुन्या पद्धतीने ‘ओ’ने. पानावर दोन्ही सहज येऊ देत, पण कोंबू नका.

जाहिरातीवर फार बोलत नाही. मी दोन हजारांची पोस्ट बूस्ट केली होती आणि लाइक आले कुठून? देवगडातूनच! ज्यांच्या परसात आंबा आहे त्यांना मी आंब्याची जाहिरात दाखवत होतो. जिथे माल पोचतो तेवढाच भाग निवडा, नाहीतर पैसे ठेवा खिशात.

गूगल बिझनेस प्रोफाइल मात्र आजच करा, फुकट आहे. पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. इथेही खातं तुमचं हवं, करून देणाऱ्याला फक्त मॅनेजर करा. आणि अधूनमधून बघत जा, कारण कुणीही त्यात बदल सुचवू शकतं. सीझन संपला की आम्ही ‘तात्पुरतं बंद’ करून ठेवतो.

रिव्ह्यूचा किस्सा सांगून टाकतो. गेल्या सीझनला एकाने एक स्टार दिला, ‘चार आंबे आतून खराब.’ मामा भडकला. मी चॅटबॉटकडून छान इंग्रजी माफीनामा लिहून घेतला. मामी म्हणाली, ‘हे काय बँकेचं पत्र आहे?’ आणि तिने सांगितलं ते मी टाइप केलं: ‘दादा, तो साका आहे. बाहेरून आम्हालाही कळत नाही. पेटीचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत चार आंबे जास्त घालते.’ त्याने फोटो पाठवला, मामीने चाराऐवजी सहा घातले. त्याने एकाचे चार स्टार केले. पाचवा अजून दिलेला नाही. मामी दर आठवड्याला विचारते.

व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्ट लिस्ट करत असाल तर एक लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून आमच्या पेटीत आता एक चिठ्ठी असते, ‘नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिल्या तोडीला कळवू.’ चिठ्ठी मामीच्या अक्षरातली आहे, झेरॉक्स काढलेली.

आता हा भाग संपला की लगेच एक करा. गूगलवर ‘हू इज लुकअप’ शोधा आणि घरच्या धंद्याचं डोमेन तिथे टाका. मालकाचं नाव हल्ली बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण मुदत कधी संपते ती तारीख दिसते. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीचा अलार्म लावून. मग ज्याने साइट केली त्याला फोन लावून खात्याचा ईमेल विचारा. फोन उचलतोय तोवर विचारा.

पुढच्या भागात कुरियर आणि नाशवंत माल. त्यात मामा स्वतः बोलायला तयार झालाय, फक्त मोहोराची फवारणी आटपू दे म्हणतोय.