बेसिस्टचा वाटा वाचवला तर नेमकं काय जातं?

आजचा भाग बेस गिटारवर आहे आणि मी जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या बँडमधून एकच वाक्य माझ्या कानावर आलं: "बेसिस्ट कशाला हवाय? कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवेल, नाहीतर ट्रॅकवर टाकू." यातल्या दोघांनी खरंच माणूस कमी केला.

हिशेब बघायला गेलं तर सोपा आहे. कॅफेतल्या गिगचे समजा 20,000 मिळाले. पाच जणांत वाटले की 4,000, चौघांत वाटले की 5,000. महिन्याला सहा गिग धरले तर प्रत्येकाच्या खिशात 6,000 जास्त. पुण्यात खोलीचं भाडं भरणाऱ्या पोराला हा आकडा लहान नाही. त्यामुळे असा विचार करणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. फक्त त्या 6,000 च्या बदल्यात काय जातंय ते आधी ऐकून घ्या, एवढंच माझं म्हणणं.

सुरुवात तुमच्या हातातल्या फोनपासून करू. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते, म्हणजे 41 हर्ट्झ. फोनचा स्पीकर नखाएवढा. एवढा खर्ज त्याच्यातून बाहेर पडूच शकत नाही. तरी इअरफोन न लावता तुम्ही फोनवर गाणं लावता आणि बेसची चाल गुणगुणता. हे कसं?

तार फक्त 41 ला वाजत नाही. तिच्यासोबत 82, 123, 164 असे वरचे स्वरही निघतात. फोन त्यातले वरचे तेवढे ऐकवतो. मेंदूला दिसतं की यांच्यात सगळीकडे 41 चं अंतर आहे, आणि मग नसलेला खालचा सूर तो स्वतःच भरून काढतो. म्हणजे फोनवरचा अर्धा बेस तुमच्या डोक्यात तयार होतो! मला ही गोष्ट अजूनही भारी वाटते.

याचा गिगशी काय संबंध? खूप आहे. नवीन बेसिस्ट घरी एकटा बसून टोन लावतो. लो वाढवतो, हाय वाढवतो, मधलं सगळं काढून टाकतो. खोलीत ऐकायला मस्त, गुबगुबीत. तोच टोन घेऊन बँडमध्ये गेला की गायब. खाली किक ड्रम बसलेला असतो, वर झांजा आणि गिटार. मधली जागा याने स्वतःच्या हाताने मोकळी केलेली असते. मग हा आवाज वाढवतो, सगळं घुमायला लागतं आणि गायिका मागे वळून बघते. माझा अनुभव असा की बँडमध्ये ऐकू यायचं असेल तर 500 ते 800 हर्ट्झच्या आसपासचा मिड थोडा वर घ्यावा आणि अगदी तळाचा लो थोडा खाली. घरी एकट्याने ऐकलं तर हा टोन नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू दे. तो एकट्याने ऐकायचा टोन नाहीच.

जागेचाही खेळ असतो. 41 हर्ट्झची लाट साधारण सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे सत्तावीस फूट. आपल्याकडचे कितीतरी कॅफे एवढे लांबही नसतात. भिंतींवर आपटून लाट परत येते, कोपऱ्यात बेस फुगतो आणि एखाद्या टेबलापाशी जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा अँप कोपऱ्यात ढकलला असेल तर काहीही न वाढवता बेस वाढलेला असतो. लग्नाच्या लॉनवर याच्या बरोब्बर उलटं. भिंतच नाही, त्यामुळे कॅफेत जो टोन जड वाटत होता तो तिथे कागदासारखा पातळ होतो. म्हणून साउंड चेकला बेसिस्टने लांब केबल लावून वाजवत वाजवत लोकांच्या खुर्च्यांपर्यंत चालत जावं. स्टेजवर जे ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि हो, पोलीस येतात ते बहुतेक वेळा आपल्यामुळेच. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, ती वेगळी. गिटारचा आवाज भिंतीत बराच अडतो, खर्ज अडत नाही. तो पार शेजारच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर जातो. त्यामुळे साडेनऊनंतर मालक घिरट्या घालायला लागला की सगळ्यांचा आवाज कमी करायच्या आधी बेसचा तळ कापून बघा, मिड तसाच ठेवा. गाण्यात बेस राहतो आणि वरच्या काकूंची झोपही राहते.

आता सामानाकडे येऊ. इथे मी थोडक्यात उरकणार आहे, कारण खरेदीचे व्हिडिओ तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलेत.

लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी उभा, माणसापेक्षा उंच डबल बेस वाजवायचे. न्यायला अवजड, आणि बँड मोठ्याने वाजायला लागला की ऐकू न येणारा. म्हणजे हे वाद्य जन्मालाच आलं ते 'बेस ऐकू येत नाही' या तक्रारीतून. 1960 मध्ये जॅझ बेस आला, दोन पिकअपवाला. आजही दुकानात दिसणारे बहुतेक बेस या दोघांचीच नातवंडं आहेत. कव्हर बँडसाठी दोन्हीपैकी कुठल्याही धाटणीचा चालतो. हातात बसेल तो घ्या.

जेम्स जेमरसनचं उदाहरण मी नेहमी देतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या किती गाण्यांत त्याचा बेस आहे याला गणती नाही. एक 1962 चा प्रिसिजन, त्यावर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. पेडल वगैरे काही नाही, बेस थेट रेकॉर्डिंगच्या डेस्कला जोडलेला. गंमत अशी की इतकी वर्षं रेकॉर्डवर त्याचं नावच नसायचं. ते आलं 1971 साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. आपल्याकडेही तेच. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांवर नाचणाऱ्या किती जणांना टोनी वाझ हे नाव माहीत आहे? बेसिस्टला कुणी ओळखत नाही, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावर वेळ घालवू नका.

जेमरसनसारखं थेट जोडणं तुम्हालाही जमतं, त्यासाठी डीआय बॉक्स घ्या. बेसचा नाजूक सिग्नल लांब केबलमधून मिक्सरपर्यंत नीट पोचवायचं काम ती छोटी डबी करते. छोट्या कॅफेत अँप नाही नेला तरी चालतं, स्कूटरवर पाठीला बेस आणि खिशात डीआय. माझ्या मते पहिलं पेडल घ्यायच्या आधी ही डबी घ्यावी. तिच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. लॉनवर जनरेटर सुरू झाला आणि घूंऽऽ आवाज यायला लागला की ते दाबून बघा. पण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची नाही, म्हणजे नाही. "पिन काढली की हम जातो" असं सांगणारा एक काका प्रत्येक साउंडवाल्यांत असतो. अर्थिंग तोडलं आणि अँपमध्ये बिघाड झाला तर करंट तुमच्या तारांवर येतो. तुम्ही तारा धरून माइकला ओठ लावलात की वाट मिळते ती तुमच्या शरीरातून. यात जीव जातो. त्या काकांना नम्रपणे चहा प्यायला पाठवा.

बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत 9 व्होल्टची बॅटरी असेल, तर वाजवून झालं की केबल काढा. केबल आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. आवाज मलूल किंवा फाटका यायला लागला की आधी बॅटरी बदलून बघा, मग पिकअपला शिव्या द्या.

आता येतो माझा आवडता विषय, चार तारा की पाच. परदेशी व्हिडिओंत यावर स्टाइलच्या गप्पा असतात. आपल्याकडे याचं उत्तर गायक देतो. गाणं मूळ आहे पांढरी तीनमध्ये. तुम्ही मोकळी जाड तार वाजवून छान घुमवताय. गिगच्या दिवशी गायिका येते, "घसा बसलाय, काळी दोनमधून घेऊया ना." झालं! काळी दोनचा सा तुमच्या मोकळ्या तारेच्या अर्धा सूर खाली आहे. चार तारांवर तो नाहीच. मग दुसऱ्या तारेवर सहाव्या पडद्यावर जावं लागतं, म्हणजे जवळजवळ एक सप्तक वर, आणि गाण्याचा सगळा पाया उचलला जातो. पाच तारांच्या बेसवर तोच सा सगळ्यात खालच्या तारेच्या चौथ्या पडद्यावर शांतपणे बसलेला असतो. स्वतःची गाणी करणाऱ्याला चार तारा पुरतात. दर शनिवारी वेगळ्या गळ्यासोबत वाजवणाऱ्याला पाचवी तार ही सोय आहे, शायनिंग नाही. फक्त ती तार मोकळी वाजवायचा मोह टाळा. 31 हर्ट्झ कॅफेच्या स्पीकरना झेपत नाही.

आता मूळ भांडणाकडे. डावा हात का पुरत नाही?

समोरच्याची बाजू आधी मांडतो. द डोअर्समध्ये स्टेजवर बेसिस्ट नव्हता. रे मॅन्झारेक डाव्या हाताने कीबोर्ड बेस वाजवायचा, आणि जबरदस्त वाजवायचा. पण तोच बँड स्टुडिओत गेला की अनेक गाण्यांना बेसिस्ट बोलवायचा. शिवाय मॅन्झारेकचा डावा हात पूर्णवेळ त्याच कामाला होता. तुमच्या कीबोर्डवाल्याला त्याच वेळी व्हायोलिन, बासरी, ब्रास, मधेच सॅक्सचा सोलो, असं सगळं करायचंय. त्याच्या डाव्या हाताला सूर सापडेल, पण सूर थांबवायला सवड मिळणार नाही.

आणि बेसमधलं अर्धं काम थांबवण्याचं आहे. सूर कधी सुरू होतो हे सगळे ऐकतात. तो कधी संपतो यावर लोक नाचतात. किकसोबत सूर सुरू केला आणि स्नेअरच्या आधी बोटाने दाबून बंद केला की गाणं उड्या मारतं. तोच सूर स्नेअरवरून पुढे ओढला की तेच गाणं झोपाळ्यासारखं होतं. ढोलकी असेल तर अजून सांभाळायचं. तिची खर्जाची बाजू घुमते ती तुमच्याच जागेत. तिथे बेसिस्टने कमी वाजवावं. ढोलकीवाला रंगात आला की दोन मात्रा गप्प राहणारा बेसिस्ट मला दहा स्लॅप वाजवणाऱ्यांपेक्षा प्यारा आहे.

ट्रॅकची गोष्ट वेगळी. ट्रॅक कधी चुकत नाही, पण ऐकतही नाही. नवरी स्टेजवर यायला वेळ लावतेय, सुरुवातीचा तुकडा अजून चार वेळा फिरवायचाय. 'झिंगाट'वर लोक पेटलेत, पुन्हा एकदा मुखडा हवाय. गायक दुसरा अंतरा विसरून थेट तिसऱ्यावर गेलाय. माणूस असेल तर मान हलवून सगळं जुळतं, लोकांना कळतही नाही. ट्रॅक असेल तर ड्रमरच्या कानात टिकटिक चालूच राहते आणि बँड त्याच्यामागे धावतो.

जाता जाता कानांचं. बेसिस्ट उभा राहतो कुठे? ड्रमरला चिकटून, झांजेच्या शेजारी. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. आपला एक सेटच पाऊण तासाचा असतो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते वापरा. कापूस भरू नका, त्याने वरचे सूर तेवढे जातात आणि तुम्ही बेस चुकीचा लावता.

तर ज्या बँडमध्ये सध्या ही चर्चा चालू आहे त्यांनी एक करा. पुढच्या रिहर्सलला एकच गाणं तीन वेळा वाजवा. एकदा बेसिस्टसोबत, एकदा डाव्या हातावर, एकदा ट्रॅकवर. फोन लोक बसतात तिथे, शेवटच्या खुर्चीवर ठेवा आणि रेकॉर्ड करा. एक दिवस जाऊ द्या, मग तिन्ही ऐका. ऐकून काही फरक वाटला नाही तर चौघांत वाटा, माझी हरकत नाही. पण मग ते बेसिस्टला समोर बसवून सांगा, आणि लग्नसराईची बुकिंग सुरू व्हायच्या आधी सांगा, म्हणजे त्याला दुसरा बँड शोधता येईल. परवा मला भेटलेल्या एका पोराला ते व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढल्यावर कळलं.