किडनीची गोळी आणि पोटातले जंतू

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आरोग्य सीआरपी ताईंनी केलेलं भाषण)

माझ्या धाकट्या जावेनं दिरांना आपली किडनी दिली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असं आम्ही समजलो होतो.

नवी किडनी शरीराला परकी वाटते, ते तिच्यावर हल्ला करतं. तो थोपवायला टॅक्रोलिमस नावाची गोळी रोज, बहुतेकांना बारा-बारा तासांनी, घ्यावी लागते. (हे औषधसुद्धा जंतूपासूनच मिळालंय बरं का, १९८४ साली जपानच्या मातीत सापडलेल्या!) रक्तात ते कमी पडलं तर किडनी नाकारली जाते, जास्त झालं तर हात थरथरतात, आणि त्याच गोळीनं किडनी बिघडते.

आता पोटाचं. आपल्या आतड्यात विरजणासारखे कोट्यवधी जंतू असतात. त्यातले काही ही गोळी मोडून टाकतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून एकाला पुरणारा डोस दुसऱ्याला कमी पडत असावा. शेजारच्या पेशंटशी आपल्या गोळ्या ताडून बघू नका.

आषाढीत दिरांना जुलाब लागले. "गोळी वाहून गेली असंल," म्हणून त्यांनी एक जादा घेतली. होतं नेमकं उलटं! आतड्याचं अस्तर एरवी बरीचशी गोळी तिथंच जिरवतं. जुलाबात ते काम मंदावतं आणि रक्तात औषध वाढतं. त्यांना कपबशी धरवेना. जाव म्हणाली, "आक्का, माझी किडनी हाय त्यांच्या पोटात, सकाळपर्यंत कशी थांबू?" रात्रीच गाडी केली. डॉक्टरांनी डोस कमी केला, निभावलं.

मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिननं लेव्हल चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिननं उतरते. पपनस खायचं नाही. डाळिंब आपल्याकडं घरोघरी, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि लेव्हलसाठी रक्त द्यायचं ते सकाळची गोळी घ्यायच्या आधी. गोळी सोबत न्यायची, रक्त दिल्यावर घ्यायची. आमची एक खेप यातच वाया गेली.

येत्या गुरुवारी जाव स्वतःच्या तपासणीला जातेय. किडनी देणाऱ्या बाईचंही दरवर्षी बीपी, लघवी, क्रिएटिनिन बघायचं असतं. तीन वर्षं आमच्या घरात ते कुणाला आठवलंच नव्हतं.