जुन्या जीपगाडीस क्रूझ कंट्रोल



मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग २०२५ सालीं संपूर्ण खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. अशा सरळ वाटेवर तासन्‌तास एकाच दाबानें पेडल धरून बसलें म्हणजे घोटा अवघडतो, आणि वेग नकळत वाढतो किंवा उतरतो. अनेक नव्या मोटारींत हें धरण्याचें काम क्रूझ कंट्रोल करतें. ज्यांच्यापाशीं चारही चाकांना जोर देणारी जुनी जीपगाडी आहे, त्यांनाही असा संच विकत घेऊन बसवितां येतो. तो कसा बसवावा, आणि विशेषतः धरलेला वेग त्यानें कसा सोडावा, हें आज सांगणार आहें.

ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लाविला. वेग वाढला कीं गोळे फांकत आणि वाफ कमी होई. मोटारीसाठीं असें यंत्र रचलें तें अमेरिकेंतील राल्फ टीटर या इंजिनियरनें. लहानपणींच त्याची दृष्टि गेली होती. त्यास १९५० सालीं पेटंट मिळालें, व १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीनें तें यंत्र आपल्या मोटारींत आणलें.

आतां बसविण्याकडे वळूं. वेग मोजण्यासाठीं प्रॉपेलर शाफ्टवर लोहचुंबक बांधतात व त्याच्याजवळ तारेचें वेटोळें ठेवतात. दर फेऱ्यास विजेचा एक ठोका पडतो. ते ठोके मोजून पेटी वेग ओळखते. चुंबक ट्रान्सफर केसच्या पलीकडे, चाकांच्या बाजूच्या शाफ्टवर असावा. म्हणजे लो रेंज घातली तरी हिशेब चुकत नाहीं.

अॅक्सिलरेटर ओढणारा भाग कांहीं संचांत व्हॅक्यूमवर चालतो, तर कांहींत विजेच्या मोटारीवर. पेट्रोल एंजिनांत व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेल एंजिनांत तो तसा मिळत नाहीं. तेथें ब्रेकच्या बूस्टरसाठीं वेगळा पंप असतो. त्या नळीस फांटा काढला आणि जोड गळूं लागला, तर ब्रेकचेंच बळ घटेल. म्हणून अशा गाडीस विजेच्या मोटारीचा संच बरा. केबल जोडतांना ती लिव्हरला ओढील, पण पायानें पेडल दाबलें असतां आड येणार नाहीं, असें पाहावें. एंजिन मंद चालत असतां तिच्यांत किंचित्‌ ढील हवी, आणि लिव्हर परत आणणारी स्प्रिंग जोरकस हवी.

वेग धरणें सोपें. खरी कसोटी सोडण्याची. ब्रेकला पाय लागतांच यंत्रानें हात काढला पाहिजे. क्लचवरही स्विच हवा. नाहीं तर क्लच दाबतांच एंजिन मोकळें होऊन ओरडूं लागेल. कांहीं संच ब्रेकच्या दिव्याच्या तंतूंतून पेडलची स्थिति ओळखतात. तेथें एल.ई.डी. दिवा लावला तर संच चालूच होत नाहीं, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. याशिवाय सर्व प्रवाह तोडणारा एक मुख्य स्विच हाताशीं असावा.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटरच्या वेगानें परीक्षा घ्यावी. वेग धरावा आणि एकदां ब्रेकनें, एकदां क्लचनें, एकदां मुख्य स्विचनें सोडवावा. ही परीक्षा पुन्हां पुन्हां करावी. शाळेंत आम्ही पस्तीस गुणांवर मुलास वर चढवीत असूं. येथें मात्र एका चुकीसही नापास करावें आणि फ्यूज काढून ठेवावा.

घाटांत, पावसांत, चिखलांत किंवा चारही चाकांचा दांडा टाकलेला असतां हें यंत्र वापरूं नये. चाक घसरलें कीं यंत्राचा वेगाचा हिशेब आणि गाडीची खरी चाल यांचा मेळ राहत नाहीं. तसेंच समृद्धीवर मोटारींस ताशीं १२० ची मर्यादा आहे, म्हणून उंच बांधणीच्या जुन्या जीपनें तितकें धांवावें असें नव्हे. तिच्या ब्रेकांस झेपेल तोच वेग धरावा.

शेवटीं एवढेंच सांगतों. आपण बसवितों त्या साध्या संचास पुढचें कांहींच दिसत नाहीं. आडवें आलेलें जनावर नाहीं, बंद पडलेला ट्रक नाहीं, कीं हांकणाराच्या डोळ्यांवर आलेली झांपडही नाहीं. पाय मोकळा झाला कीं झोंप लवकर येते. म्हणून डोळे जड होतांच वेग सोडवावा, विश्रांतिस्थळीं गाडी उभी करावी आणि तोंडावर पाणी मारून थोडें पडावें. घरीं पोंचण्यास तास उशीर झाला, तरी वाट पाहणारी माणसें तेवढें सोसतील.