इशारा खरा राहावा म्हणून



संस्थांचे संगणक, सर्व्हर आणि संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल आभार मानून मी थेट विषयाकडे येतो. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हा ब्राउझरचा इशारा आपल्या कार्यालयांत इतका अंगवळणी पडला आहे की तो ओलांडून जाणे हे कामाचेच कौशल्य समजले जाते. ‘ॲडव्हान्स्ड’वर क्लिक करा, मग ‘प्रोसीड’वर क्लिक करा, हे नव्या कारकुनाला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. पुढे कधी फसवणूक झाली, की लोक बेफिकीर आहेत असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मान्य नाही. वारंवार येणारा खोटा इशारा हे आपल्या, म्हणजे यंत्रणा चालवणाऱ्यांच्या, कामातले वैगुण्य आहे. तो ओलांडायला लोकांना शिकवून आपण इशाऱ्यावरच्या विश्वासाची सार्वजनिक ठेव खर्च करत आहोत, आणि तिच्यावर आपला एकट्याचा हक्क नाही.

ही ठेव किती मोलाची आहे हे २०११ साली दिसले. नेदरलँड्समधली डिजिनोटार ही संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे देणारी कंपनी. तिच्या यंत्रणेत घुसखोरांनी शिरकाव केला आणि पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे तयार केली. त्यातले एक गूगलच्या सर्व पत्त्यांसाठी चालणारे होते. ते वापरून इराणमधल्या लोकांची जीमेलची वाहतूक मधल्या मध्ये वाचली जात होती. या बनावट प्रमाणपत्राशी सुमारे तीन लाख आयपी पत्त्यांचा संबंध आल्याचे नंतरच्या तपासात आढळले. बहुतेक ब्राउझरांना काहीच खटकले नाही, कारण डिजिनोटारचे नाव त्यांच्या विश्वासू यादीत होते. क्रोममध्ये मात्र गूगलच्या पत्त्यांसाठी कोणाची प्रमाणपत्रे चालतील याची वेगळी नोंद होती, म्हणून तिथे इशारा आला. इराणमधल्या एका वापरकर्त्याने तो ओलांडला नाही, हे काय आहे असे जाहीरपणे विचारले आणि ऑगस्टअखेरीस सगळे प्रकरण उघडकीला आले. सप्टेंबरात डिजिनोटार दिवाळखोरीत गेली. त्या माणसाला रोज दहा खोटे इशारे ओलांडायची सवय असती, तर ही हेरगिरी आणखी किती काळ चालली असती, याचा विचार आपण करायला हवा.

हे दूरदेशीचे म्हणून सोडूनही देता येत नाही. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी एनआयसीची संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे लगेच रद्द केली आणि क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या भारतीय पत्त्यांपुरती मर्यादित केली.

आता लोकांच्या बेफिकिरीचा आरोप तपासू. देवदत्त आखवे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी २०१३ साली क्रोम आणि फायरफॉक्समध्ये प्रत्यक्ष दिसलेल्या अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा अभ्यास केला. प्रमाणपत्राच्या इशाऱ्यांपैकी क्रोममध्ये ७०.२ टक्के ओलांडले गेले, फायरफॉक्समध्ये साधारण एक तृतीयांश. घातक सॉफ्टवेअर आणि फसव्या पानांचे इशारे मात्र दोन्हीकडे पंचवीस टक्क्यांहून कमी वेळा ओलांडले गेले. बेफिकिरी हा स्वभाव असता तर सगळ्याच इशाऱ्यांची सारखी गत झाली असती. लोक इशाऱ्याइशाऱ्यात फरक करतात, आणि जो बहुधा खोटा निघतो त्याची किंमत कमी धरतात. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ सालीच मांडले होते की सामान्य माणसाला दिसणाऱ्या प्रमाणपत्राच्या इशाऱ्यांपैकी जवळजवळ सगळेच खोटे असतात, आणि म्हणून त्याचे दुर्लक्ष हिशेबाला धरूनच असते.

खोटे इशारे येतात कुठून? २०१७ साली क्रोमच्या त्रुटींच्या मुळांचा अभ्यास झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक त्रुटी वापरणाऱ्याच्या संगणकातून किंवा मधल्या नेटवर्कमधून येत असल्याचे दिसले. यातले संगणकाच्या चुकीच्या घड्याळाचे कारण आपल्याकडे फार परिचयाचे आहे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते, तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि त्या तारखेला जगातले एकही चालू प्रमाणपत्र अस्तित्वात आलेले नसते, म्हणून प्रत्येक संकेतस्थळ धोक्याचे दिसू लागते. स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायचे लॉगिन पान मध्ये आले तरी इशारा येतो. वाहतूक उघडून तपासणारा अँटिव्हायरस नीट बसवलेला नसला तरी येतो. आणि काही इशारे तर आपण हाताने निर्माण करतो. करविषयक कामांत डिजिटल सहीसाठी संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवतात. त्याच्या सूचनापत्रकात १२७.०.०.१ हा पत्ता उघडून येणारा इशारा ओलांडायला सांगितलेले असते. तो पत्ता स्वतःच्याच संगणकाचा असल्यामुळे तिथे धोका फारसा नसतो, हे मी मान्य करतो. पण करसल्लागाराकडे बसलेल्या मुलाला हा बारकावा कोण सांगणार? अधिकृत कागदावर ‘अनसेफ’ शब्दाला न जुमानता पुढे जा असे छापलेले तो वाचतो, आणि बँकेच्या पानावरही तेच करतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रशिक्षणाचा: लोकांना नीट समजावून सांगा. समजावण्याला माझा विरोध नाही, पण त्याची मर्यादा मोजली गेली आहे. फेल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये क्रोमच्या इशाऱ्याची भाषा आणि मांडणी बदलून पाहिली. सुरक्षित बाजूला थांबणारे जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, पण धोका नेमका कोणता हे कळणाऱ्यांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. इशारा लिहिण्यात मुरलेल्या लोकांना जे शब्दांनी साधले नाही, ते आपल्या एका दुपारच्या कार्यशाळेतून साधेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा आहे: पुढे जाण्याची वाटच बंद करा. एचएसटीएस या व्यवस्थेने, जिचे मानक २०१२ मध्ये आले, संकेतस्थळाला तसे ठरवता येते. बँका, रुग्णालये, परीक्षा मंडळे यांनी ते ठरवलेच पाहिजे. पण सरसकट सगळीकडे दार बंद केले, तर घड्याळ बिघडलेल्या केंद्रावर दाखल्यासाठी आलेला माणूस हात हलवत परत जाईल, आणि बिघाड त्याचा नसेल. क्रोमने चुकीच्या घड्याळासाठी वेगळा संदेश दाखवायला सुरुवात केली, हा मला जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो. दोष जिथे आहे तिथे त्याने बोट ठेवले.

पैशाचा आक्षेप पूर्वी रास्त होता. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ पासून मोफत प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केल्यावर तो उरला नाही. जुन्या यंत्रांची अडचण मात्र खरी आहे: ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि ज्या उपकरणांना नवे मूळ ठाऊक नव्हते त्यांच्यावर चांगल्या संकेतस्थळांसाठीही इशारे येऊ लागले. त्याला उत्तर एकच, यंत्रे अद्ययावत ठेवण्याची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात करणे. कोणी असेही म्हणेल की फसव्या पानांनाही आज प्रमाणपत्र मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? ते खरे आहे. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह काढले ते यासाठीच, आणि रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ता आणला तो फसव्या पत्त्यांना आवर घालण्यासाठी. पण मधला माणूस वाहतूक वाचतो आहे का, या एका प्रश्नाला उत्तर देणारी दुसरी व्यवस्था सामान्य माणसाच्या हाती नाही.

वेळ थोडा आहे. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवले, की प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस होईल. वर्षातून एकदा डायरीत नोंद पाहून नूतनीकरण करणाऱ्या कार्यालयाला ते वर्षातून आठ वेळा करावे लागेल. हाताने केले तर ते चुकणार, आणि प्रत्येक चुकीचा इशारा नागरिकाच्या पडद्यावर उमटणार. म्हणून माझी या परिषदेकडे मागणी आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या संस्थेच्या सूचनापत्रकांतून इशारा ओलांडायला सांगणारे वाक्य काढून टाकावे. नूतनीकरण स्वयंचलित करावे आणि ते अडले तर कळवायचे कोणाला, त्या व्यक्तीचे नाव नेमून ठेवावे. निविदांमध्ये अट घालावी की खोटा इशारा दाखवणारे सॉफ्टवेअर अपुरे समजून स्वीकारले जाणार नाही. आणि इशारा दिसला म्हणून काम थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याकडून उशिराचा खुलासा मागू नये. त्याची तक्रार त्याच दिवशी आपल्या टेबलावर यावी, अशी व्यवस्था करावी.