'थांबा' म्हणण्याची तालीम



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आणि बोलणार आहे नाटकावर! ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांनी १९७० च्या दशकात 'फोरम थिएटर' सुरू केले. पुढे दवाखान्यातील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातही ते आले.

समजा, डॉक्टरांनी लिहिलेला डोस नर्सला जास्त वाटतो. ती विचारते, डॉक्टर पेशंटसमोरच खेकसतात. ती गप्प बसते. नाटुकले संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आता प्रेक्षकांतल्या कुणीही 'थांबा' म्हणावे, नर्सच्या जागी उभे राहून वेगळे बोलून पाहावे. डॉक्टर मात्र सहजी नमत नाहीत. सूत्रधाराला बोआल 'जोकर' म्हणत. तो उत्तर देत नाही, फक्त विचारतो, "हे उद्या वॉर्डात जमेल का?"

आपल्याकडे धोका दिसला तर साधा ट्रॅकमनही लाल झेंडी दाखवून मेल थांबवतो. नर्सच्या हाती झेंडी नसते, शब्दच असतात. त्यांची तालीम नसेल तर भोगतो पेशंट.

पुढच्या वर्षी याच रंगमंचावर, कॉलनीच्या दवाखान्यातील मंडळींना घेऊन असा एक प्रयोग करू या.

गणपती बाप्पा मोरया!