बाबूजींच्या चाली आणि पैनगंगेकाठचे श्रोते



बाबूजी ऊर्फ सुधीर फडके हे व्यवसायाने चित्रपट-संगीतकार. प्रभातच्या 'गोकुळ' (१९४६) या चित्रपटापासून त्यांचे नाव रुपेरी पडद्याशी जोडले गेले. परंतु त्यांचा श्रोतृवर्ग खऱ्या अर्थाने घडविला तो आकाशवाणीने. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. अधिकमासामुळे बावन्न गीतांची छप्पन्न झाली. प्रसारणाच्या वेळी श्रोते रेडिओला हार घालीत, हे पुष्कळांनी सांगितले आहे. त्याहून बोलकी हकीकत पहिल्या ध्वनिमुद्रणाची. ग. दि. माडगूळकरांनी दिलेले गीत ऐनवेळी सापडेना. तेव्हा सीताकांत लाड यांनी कवीला खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतले, असे सांगतात. भूपातील ते गीत बाबूजींनी स्वतःच गायिले. घाईची खूण त्यात कोठेही आढळत नाही.

जैनथच्या रसिकांना या चालींचे मोल थोडे निराळे आहे. मालिका १९ एप्रिल १९५६ रोजी संपली. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन राज्ये कायम राहिली. कानांवर मात्र दोन्ही भाषा पडतच राहिल्या. गीतरामायणाचा तेलुगू अनुवादही झाला, आणि इतर अनुवादांप्रमाणे तोही बाबूजींच्याच चालींत गायिला जातो. माडगूळकरांच्या मराठीचा गोडवा परभाषेत पुरता उतरणे कठीणच. तरीही ज्यांना दोन्ही भाषा अवगत आहेत, त्यांनी एखादे गीत दोन्हींत लागोपाठ अवश्य ऐकावे. बाबूजींनी स्वर नेमका कोणत्या अक्षरावर विसावला होता, हे तेव्हा ध्यानात येते.